चीनला शिकवायला निघालात? आधी पासपोर्टवरचं नाव उघडून बघा

चीनमधल्या विद्यापीठात वर्ष-दोन वर्षांसाठी शिकवायला जाणारी आपली मंडळी निघण्याआधी सहा महिने मोबाइलवर चिनी गिरवतात, थर्मल घेतात, चटण्यांची पाकिटं बांधतात. करावंच ते. पण स्वतःच्या पासपोर्टवर नाव नेमकं कसं छापलंय, हे फारसं कुणी बघत नाही. तिथल्या पहिल्या दोन महिन्यांतला निम्मा मनस्ताप त्या नावातून येतो, असं माझं ठाम मत आहे. तो टाळता येतो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आपलं मराठी नाव तीन तुकड्यांचं. आडनाव, स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टमध्ये आडनाव एका रकान्यात आणि उरलेली दोन्ही नावं दुसऱ्यात. चिनी नाव मात्र बहुतेक दोन-तीन अक्षरांचं असतं, मध्ये जागा सोडायचा प्रश्नच नाही. त्यामुळे काउंटरवरचा माणूस आपल्या नावाचं काय करेल याचा नेम नसतो. सिमकार्डवाला आधी नाव आणि मग आडनाव टाकतो. बँकवाली आडनाव आधी टाकते. पगारपत्रक करणारा मधलं नाव गाळतो. प्रत्येकाने काम बरोबरच केलेलं असतं, पण अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपला बँक खातं जोडायला गेलं की ते ॲप फोन कंपनीकडचं, बँकेतलं आणि पासपोर्टवरचं नाव ताडून बघतं. एखादी मोकळी जागा कमी-जास्त असली तरी पडताळणी फसू शकते. आणि हे ॲप चाललं नाही की भाजी, सायकल, विजेचं बिल सगळंच अडतं.

उपाय साधा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्यातल्या वरच्या ओळीत जो क्रम आहे, तोच मोठ्या अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहून घ्या. प्रत्येक काउंटरवर तीच चिठ्ठी पुढे करा आणि सही करण्याआधी पडद्यावर किंवा छापील कागदावर अक्षरन् अक्षर बघून घ्या. सही झाल्यावर दुरुस्तीला दोन खेपा जास्त पडतात. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो, पूर्ण नाव एकाच ओळीत. त्यांनी तर निघण्याआधीच पासपोर्ट नव्याने काढून घ्यावा.

विद्यापीठ बहुधा एक चिनी नावही देतं. वर्गाच्या यादीवर, खोलीच्या दारावर ते छान दिसतं. बँकेच्या अर्जावर ते चुकूनही लिहू नका, कायद्याने ते तुमचं नाव नाही. पण त्या नावाचा मान ठेवा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा पथकातल्या पाचही जणांनी आपल्या चिनी नावाला ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडलं. कोटणीस ‘क दीह्वा’ झाले. भाषा शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांचं थडगं हबेई प्रांतात शिज्याच्वांगला आहे. जुन्या पिढीतले सहकारी भारत म्हटलं की हे नाव काढतात, आणि समोरच्या मराठी माणसाला ते ठाऊक नसेल तर फार वाईट दिसतं.

आता कागद. एका शिक्क्यावर कागदपत्रं दुसऱ्या देशात मान्य करणाऱ्या अपोस्टिल करारात चीन आला आणि ७ नोव्हेंबर २०२३ पासून तो तिथे लागू झाला, ही बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. पण भारताने चीनच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांमध्ये तो करार चालत नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं. अपोस्टिलचा शिक्का मारून गेलेलं पदवीपत्र परत येतं, पैसे वाया जातात आणि महिना हातचा जातो. पदवीला जुनाच रस्ता आहे. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं, शेवटी चिनी दूतावासाचं. पदवीचं काम सगळ्यात आधी सुरू करा आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट सगळ्यात शेवटी काढा, कारण ते सहसा सहा महिन्यांच्या आतलं मागतात. पदवीची वाट बघत ते शिळं झालं की पुन्हा पहिल्यापासून.

नोकरीचा झेड व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता असतो. उतरल्यापासून २४ तासांत राहत्या जागेची नोंद पोलिसांकडे करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलच ती करतं, पण विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या घरात आपण स्वतः करायची. पासपोर्ट, व्हिसाचं पान, घराचा करार किंवा विद्यापीठाचं पत्र लागतं. मिळणारा कागद जपून ठेवा, पुढे पाच ठिकाणी तो मागतात. घर बदललं की नोंद पुन्हा. भारतात जाऊन परत आलात की पुन्हा करायची का, हे विद्यापीठाच्या परदेशी विभागाला, तिथल्या बोलीत ‘वायबान’ला, दर वेळी विचारा.

उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज झाला पाहिजे. त्याआधी वैद्यकीय तपासणी असते. रक्त, ईसीजी, एक्स-रे, सोनोग्राफी. उपाशीपोटी जायचं. चहा पिऊन गेलेल्याला दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. अर्ज दिला की पासपोर्ट दोन-तीन आठवडे पोलिसांकडे राहतो आणि हातात नुसती पावती उरते. म्हणून सिमकार्ड पासपोर्ट देण्याआधीच घ्यायचं. बँक खात्याचा प्रयत्नही आधीच करा, पण काही शाखा परवाना आल्याशिवाय खातं उघडत नाहीत. तसं झालं तर पहिला पगार लांबतो, तेव्हा दोन महिन्यांचा खर्च सोबत असू द्या.

तोवर अलीपेला भारतीय बँकेचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडता येतं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचा परदेशातला वापर चालू करा, तो बहुतेक वेळा बंदच असतो. २०० युआनच्या आतल्या खरेदीवर वेगळी फी नाही, त्यावर गेलात की ३ टक्के. मोठी खरेदी खातं उघडल्यावरच करा.

घरच्यांशी बोलायचं कसं, याचा विचार तर विमानात बसेपर्यंत कुणी करत नाही. व्हॉट्सॲप, जीमेल, यूट्यूब, फेसबुकसुद्धा तिथे बंद. तिथे सगळे वीचॅटवरूनच बोलतात, पण त्यावर भारताने २९ जून २०२० रोजी बंदी घातली. म्हणजे तिथलं ॲप आई-बाबांच्या फोनवर नाही आणि इथलं आपल्या फोनवर चालत नाही. भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ठेवलं तर त्याचा डेटा भारतीय कंपनीमार्फत जातो आणि व्हॉट्सॲप चालतं. महाग पडतं, पण त्याच सिमवर भारतीय बँकेचे ओटीपीही येतात, म्हणून ते बंद पडू देऊ नका. दोन्हीकडे आयफोन असतील तर फेसटाइम साधारणपणे चालतं. आईच्या फोनवर हे सगळं बसवून, समोर बसून दोनदा लावून दाखवूनच निघा. बंद साइट उघडून देणारं चोरटं व्हीपीएन डाउनलोड करण्याच्या नादी परदेशी शिक्षकाने लागू नये, परवानगी नसलेलं व्हीपीएन तिथे बेकायदा आहे. संशोधनासाठी काही विद्यापीठांत अधिकृत सोय असते, ती मागून घ्या.

वर्गात जाण्याआधी सगळं पेनड्राइव्हवर घ्या. गूगल स्लाइड्स उघडत नाहीत आणि वर्गातल्या संगणकावर देवनागरीचा फाँट नसेल तर वेलांट्या-मात्रा सुट्या होऊन अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. हिंदी शिकवणाऱ्यांना हे पहिल्याच तासाला भोवतं. पीडीएफ करून न्या, त्यात फाँट सोबत जातो.

विद्यापीठाचं कॅलेंडर तारखांवर चालत नाही, आठवड्यांवर चालतं. पहिला आठवडा, नववा आठवडा असंच सगळे बोलतात. एखादा तास फक्त विषम आठवड्यांत असतो, एखादा सोळाव्याला संपतो. सत्र सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतं, पण प्रथम वर्षाची मुलं आधी दोन-तीन आठवडे लष्करी कवायतीला असतात, त्यांचे तास उशिरा सुरू होतात. १ ऑक्टोबरची लांब सुट्टी फुकट मिळत नाही. तिचे काही दिवस शनिवार-रविवारी भरून द्यावे लागतात आणि त्या रविवारी गुरुवारचं वेळापत्रक चालू असतं. सूचना चिनीत येते. वीचॅटमध्ये मजकुरावर बोट दाबून धरलं की भाषांतर मिळतं, ते रोज सकाळी करायची सवय लावा.

मुलं मेहनती असतात, पण भर वर्गात ‘समजलं का?’ विचारलं तर शांतता. तिचा अर्थ कंटाळा असा लावून खट्टू होऊ नका. चौघांचा गट करा, पाच मिनिटं द्या आणि गटातल्या एकाला उत्तर सांगू द्या. चूक मग एकट्याच्या माथी येत नाही आणि मुलं बोलती होतात. वर्गाचा मॉनिटर, बानझांग, हा आपला खरा आधार. खोली बदलली, प्रोजेक्टर बंद पडला, कुणी आजारी आहे, सगळं त्याच्याकडून कळतं. परीक्षेच्या बाबतीत आधीच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी अ आणि ब असे दोन पेपर, दोन्हींच्या नमुना उत्तरांसह, कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात. निकालानंतर गुणांचं विश्लेषण लिहून द्यायचं असतं. वर्षभरातल्या कामाचे गुण आधीच टिपून ठेवले नाहीत तर शेवटच्या आठवड्यात रडू येतं.

बाहेर शिकवण्या घेऊ नका. परवान्यावर ज्या संस्थेचं नाव आहे तिथेच काम करायचं. बेकायदा काम सापडलं तर दंड ५ हजार ते २० हजार युआन, आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. पालक प्रेमाने विचारतात, पैसेही बरे देतात. नाहीच म्हणायचं.

आता जेवण. कॅन्टीनमध्ये दुपारचं जेवण अकरा-साडेअकराला सुरू होतं आणि एक वाजेपर्यंत चांगलं काही उरत नाही. रात्रीचं साडेसहाला गुंडाळतात. आपल्या नऊच्या सवयीने गेलात तर उपाशी. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही. फरसबीची कोरडी भाजी, मापो तोफू, वांग्याची भाजी यांत डुकराच्या मांसाचा चुरा मसाल्यासारखा घालतात आणि वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतं. त्याखेरीज डुकराची चरबी आणि कालवांचा ऑयस्टर सॉस असतात ते वेगळेच. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी खाते, असं म्हणा आणि चरबी, सॉस, अंडं यांची चिनी नावं लिहिलेला कागद दाखवा. बटाट्याच्या बारीक कापांची आंबट-तिखट भाजी आणि बटाटा, वांगं, ढोबळी मिरचीची ‘दीसानश्येन’ यांवर बराच निभाव लागतो. बौद्ध देवळांजवळच्या शाकाहारी खानावळींत कांदा-लसूणही नसतो, आपल्या जैन मित्रांनी त्या शोधाव्यात.

स्वयंपाकघर असेल तर मोठा प्रश्न कुकरचा. क्वार्टरमध्ये बहुतेक इंडक्शनची शेगडी असते आणि आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. खरेदी करताना बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच न्या. वीज २२० व्होल्टच आहे, फक्त पिना वेगळ्या, एक ॲडॅप्टर पुरतो. तूरडाळ, कढीपत्ता, हिंग सहज मिळत नाही. पण अख्खे हिरवे मूग प्रत्येक दुकानात मिळतात. रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की उसळ तयार, फक्त थंडीत मोडांना दोन दिवस लागतात, पुरचुंडी उबेला ठेवा. शेंगदाणे, कोथिंबीर, आलं मुबलक. वायव्य चीनमधल्या शिनच्यांगकडच्या स्वयंपाकामुळे जिरंही सगळीकडे, त्याचं नाव ‘झ्रान’, त्यात आपलं जिरं ऐकू येतं.

आणि ज्वारी! तिला ‘गावल्यांग’ म्हणतात, पीठ ऑनलाइन येतं. मात्र ते बरेचदा लालसर ज्वारीचं असतं, चव थोडी तुरट आणि भाकरी चिरते. पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि गरम असतानाच मळा, मग चिरा कमी पडतात. ‘श्यावमी’ म्हणजे आपला राळा. उत्तर चीनमध्ये सकाळी त्याची पेज घराघरांत असते. आपण विसरलेलं धान्य तिथे रोजच्या ताटात बघून फार बरं वाटतं. सामानात तूप, लोणी, बियाणं, ताजी फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. दळलेले मसाले बंद पाकिटात न्यावेत.

थंडीबद्दल आपल्याकडे उलटा समज आहे. बीजिंगमध्ये साधारण १५ नोव्हेंबर ते १५ मार्च इमारतींना उष्णता पुरवली जाते, घरात टी-शर्टवर बसता येतं. शांघाय, वूहान, नानजिंग दक्षिणेत धरतात, तिथे अशी सरकारी सोय सरसकट नाही. बाहेर ४ अंश असताना वर्गातही अंगातला कोट निघत नाही. दक्षिणेत जाणाऱ्याने घरात घालायचे गरम कपडे जास्त न्यावेत. नळाचं पाणी पिऊ नये, पण उकळतं पाणी मजल्यामजल्यावर आणि आगगाडीतही फुकट मिळतं, थर्मास कायम जवळ असू द्या.

परतीची तयारीही दोन महिने आधी सुरू करायची. नोकरी सोडल्याचं पत्र आणि कामाचा परवाना रद्द झाल्याचा दाखला, हे दोन्ही हातात घेतल्याशिवाय निघू नका. पुढे चीनमध्ये दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात जायचं ठरलं तर ते आधी हेच मागतात आणि भारतातून ते मिळवणं फार कठीण जातं. पगारातले पैसे घरी पाठवायला बँक कर भरल्याचा दाखला आणि करार मागते, त्याशिवाय दिवसाला ५०० डॉलरच्या वर बदलून मिळत नाहीत. म्हणून कराचा दाखला दर सहा महिन्यांनी काढून ठेवा. शेवटचा पगार आणि क्वार्टरची अनामत कधी जमा होणार, हे विचारल्याशिवाय खातं बंद करू नका, आणि ते बंद होईपर्यंत तो चिनी फोन नंबरही चालू ठेवा, कारण बँकेचा संदेश त्याच नंबरवर येतो.