महाराजपूरला गाफील कोण होतं?

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या फोनवर एक मजकूर हमखास येतो. यंदा चार जणांकडून आला. त्याचा गोषवारा असा: ‘२९ डिसेंबर १८४३ ला इंग्रजांनी ग्वाल्हेरजवळच्या महाराजपूर गावी गाफील शिंदेशाही फौजेवर ठरवून झडप घातली. फौज बेशिस्त होती, तासाभरात पळाली. दरबाराचे कारभारी दादा खासगीवाले यांनी ग्वाल्हेर आधीच विकलं होतं.’ पाठवणारे सगळे वडीलधारे, म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो. पण यातलं एकेक वाक्य त्या दिवशी तोफेपाशी पडलेल्या आपल्या माणसांवर अन्याय करतं.

आधी ‘ठरवून झडप’. इंग्रजांचं ठरलं होतं ते काही वेगळंच. सेनापती सर ह्यू गफ आग्र्याकडून फौज घेऊन चंबळ उतरून आले. २८ तारखेच्या टेहळणीत त्यांना शिंद्यांची फौज आसन नदीवरच्या चोंडा गावाशी मोर्चे बांधून बसलेली आढळली. सगळा बेत त्यावरच आखला गेला: पहाटे तीन तुकड्यांनी क्वारी नदी ओलांडायची आणि चोंड्याच्या मोर्च्यांवर जायचं. रात्रीतून आपल्या फौजेने जागा बदलली. सात पलटणी तोफांसह पुढे सरकल्या, महाराजपूर गावात शिरल्या आणि तिथे मोर्चे खणून बसल्या. इंग्रजांना याचा पत्ता नव्हता. सकाळी कूच करत आलेल्या फौजेवर, जिथे समोर कोणी असायलाच नको होतं, तिथून तोफा सुरू झाल्या.

गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो स्वतः फौजेबरोबर होते. गफ यांची पत्नी आणि मुलगी हत्तींवर बसून चालल्या होत्या, त्याही या माऱ्यात सापडल्या. झडप घालायला निघालेला सेनापती घरच्या बायकांना हत्तीवर बसवून तोफेच्या टप्प्यात आणत नाही. गफना बेत उभ्या उभ्या बदलावा लागला. लिटलर यांची तुकडी नेमकी महाराजपूरच्या समोर आली होती, ती सरळ गावावर घातली आणि व्हॅलियंट यांच्या पलटणींना मागच्या बाजूने आत शिरायला सांगितलं. मग गाफील कोण होतं?

‘एवढी फौज दिसली कशी नाही?’ असं एका काकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. गेल्या हिवाळ्यात मी मुरैन्याकडे आसनेच्या काठाने एका भरक्यात उतरलो होतो. भरका म्हणजे पावसाने कापलेली मातीची घळ. शेतातून बघितलं तर सगळं सपाट दिसतं, आणि दहा पावलं खाली उतरलं की दोन्ही अंगांना डोक्यापेक्षा उंच पिवळी भिंत. शेळ्यांच्या घंटा अगदी कानाशी वाजत होत्या, पण कळप दिसेना. वळण घेतलं तेव्हा पहिली शेळी माझ्या गुडघ्याशी आली. अशा मुलखात एका रात्रीत सात पलटणी पुढे सरकल्या आणि समोरच्याला सकाळपर्यंत कळलं नाही, यात मला तरी नवल वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की फौजांची अशी अवचित गाठ पडते ती गलथान सैन्यातच. मग असईच्या लढाईचं काय? २४ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जोडीच्या स्टीव्हन्सनच्या फौजेबरोबर मिळून हल्ला करायचा, असं इंग्रज सेनापती वेलस्लीचं ठरलं होतं. २३ लाच त्याला कळलं की शिंदे-भोसल्यांची फौज काही मैलांवरच उभी आहे. वाटाडे म्हणाले, नदीला उतार, म्हणजे पाण्यातून पार व्हायची जागा, नाही. त्याने दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं की यांच्यामध्ये उतार असणारच. तो जिंकला, पण दीड हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. चालत्या फौजांना समोरच्याची कालची जागा ठाऊक असते, आजची नसते. हे कोणाच्याही बाबतीत घडतं.

‘तासाभरात पळाली’ हे वाचून मात्र जीव तुटतो. महाराजपूर पडल्यावर आपली माणसं शिकारपूरला लढली, तिथून चोंड्याला. इंग्रजांचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ७९७ झाले. त्यांचे जनरल चर्चिल याच लढाईत गेले. आपल्या ५६ तोफा त्यांच्या हाती पडल्या हे खरं, पण त्या कोणी टाकून दिल्या नव्हत्या. कित्येक गोलंदाज तोफेच्या गाड्याला पाठ लावून संगिनींनी मेले. खुद्द गफनी आपल्या अहवालात कबूल केलंय की नुकसान अंदाजापलीकडचं झालं आणि आपण विरुद्ध बाजूच्या शौर्याला कमी लेखलं होतं. जिंकलेला सेनापती हे वरिष्ठांना लिहून कळवतो, आणि आपण आपल्याच माणसांना पळपुटं म्हणतो! त्याच दिवशी दक्षिणेकडून येणाऱ्या इंग्रज जनरल ग्रे यांच्या फौजेशी पनियारला दुसरी लढाई झाली. मजकुरात तिचा उल्लेखही नाही.

राहिले दादा खासगीवाले. त्यांना इंग्रजांच्या स्वाधीन करा, ही एलेनबरोंचीच मागणी होती आणि दरबाराने ती लढाईआधी पुरीही केली होती. दादा कैदेत गेले, तरी फौज पुढे आलीच. इंग्रजांना जो माणूस आधी ताब्यात हवा होता, त्याने त्यांना ग्वाल्हेर विकलं म्हणायचं कशाच्या जोरावर?

जानेवारी १८४४ च्या तहात दरबाराच्या पायदळाला ३,००० ची आणि तोफांना ३२ ची मर्यादा घातली गेली. जिंकून नेलेल्या तोफांचं कासं वितळवून इंग्रजांनी त्यांच्या फौजेसाठी ताऱ्याच्या आकाराची पदकं ओतली. त्या ताऱ्यावर तारीख कोरलेली आहे, आणि गावाचं नाव: महाराजपूर.