न पेरलेल्या नाचणीचा पंचनामा कोण करणार?

यंदा मृगात आईने नाचणीचं बियाणं खाली काढलं नाही. चुलीच्या वर आढ्याला बांधलेल्या कणसांच्या जुड्या धुराने काळ्या होऊन तशाच लटकत राहिल्या. मी विचारलं, तर म्हणाली, "पेरायचा तो कुणासाठी? डुकरांसाठी?" आणि भाताच्या तरव्याकडे निघून गेली.

माझं वय ४६. आमच्या वरकस जमिनीवर नाचणी लागली नाही असं माझ्या आठवणीतलं हे पहिलं वर्ष. ज्यांना वरकस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोकणात भाताची खाचरं खाली सपाटीला असतात आणि वर डोंगराच्या उतारावर जी हलकी, दगडगोट्यांची जमीन असते ती वरकस. तिथे एकेका पट्ट्यात आळीपाळीने एक वर्ष नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग तीळ किंवा कारळे, आणि मग जमिनीला विसावा. आमचं राजापूर तालुक्यातलं गाव, रस्त्यापासून आत. आमच्या त्या तुकड्यात बऱ्या वर्षी दोन-अडीच क्विंटल नाचणी व्हायची. घरची भाकरी, आंबील, लहान पोरांचं सत्त्व, सगळं त्यातून निघायचं.

ही नाचणी एका वर्षात गेलेली नाही. वीस वर्षं आम्ही एकेक पाऊल मागे येतोय. आधी भुईमूग सोडला. रानडुक्कर एका रात्रीत नांगर घातल्यासारखी जमीन उलथतं, शेंग ठेवत नाही आणि वेलही ठेवत नाही. मग सुरण आणि कणगर गेले. ते डुकरांनी खाल्ले, आणि डुकरांनी ठेवले ते साळींदरांनी उकरले. माडाची नवी रोपं लावली तर साळींदर बुंध्याशी कुरतडून आडवं करतं. भात कापल्यावर खाचरातल्या ओलीवर पावटा, कुळीथ, चवळी करायचो. पेरलेलं बी मोर टिपायचे, उगवलेलं वानरं खुडायची. एक वर्ष तीनदा पेरलं, चौथ्यांदा नाही पेरलं. परसातला काकडीचा मांडव गेला तेव्हा तर कुणी त्याची चर्चाही केली नाही. आई पडवळ, काकडी बाजारातून आणायला लागली इतकंच. प्रत्येक वेळी आम्ही म्हणालो, जाऊ दे, निदान नाचणी आहे. आता निदान भात आहे असं म्हणतोय.

भातालाही राखण लागते. दाणा दुधात भरला की डुकरं उतरतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे धाकटे चुलते, ७१ वर्षांचे आहेत. कणसं भरल्यापासून कापणीपर्यंत ते रात्री शेतातल्या माळ्यावर झोपतात. झोपतात कसले, जागतात. पत्र्याचा डबा, बॅटरी, सुतळी बाँब, शेकोटी. तासातासाला आरोळी. महिनाभर हे चालतं आणि सकाळी उठून तोच माणूस गुरांचं, गवताचं बघतो. या रात्रींचा हिशेब मी आजवर कुठल्याही सरकारी कागदावर पाहिलेला नाही. शेतमजुराची एका दिवसाची मजुरी धरा आणि तीस रात्रींनी गुणा. भाताच्या किमतीतून ती वजा केली तर हातात काय उरतं ते तुम्हीच बघा.

नुकसानभरपाई मिळते ना, असं बरेच जण विचारतात. मिळते. तिचा रस्ता मी चाललेलो आहे म्हणून सांगतो. चार वर्षांपूर्वी डुकरांनी अर्ध्याहून जास्त नाचणी लोळवली. ठरलेल्या मुदतीत अर्ज दिला. सातबारा जोडायचा होता. कोकणातला सातबारा म्हणजे काय ते कोकणी माणसालाच कळेल. आमच्या त्या एका तुकड्यावर २३ नावं आहेत, त्यांतली सहा माणसं हयात नाहीत आणि बाकीची मुंबई, ठाणे, विरारला. त्यांची संमतीपत्रं जमवण्यात दीड महिना गेला. पंचनाम्याला माणसं आली तोवर उरलेली नाचणी आम्ही कापली होती, कारण ती तरी घरात यायला हवी होती. मग प्रश्न आला, नुकसान दाखवा. आलेला माणूस वाईट नव्हता. डोंगर चढून घामाघूम झाला होता, आईने त्याला ताक दिलं, त्याने जे दिसलं ते लिहिलं. सात महिन्यांनी १,८०० रुपये आले.

जे दिसलं ते लिहिलं, हाच सगळ्या व्यवस्थेचा पाया आहे आणि तोच मला चुकीचा वाटतो. ताडोब्याच्या पश्चिम हद्दीलगतच्या शेतांवर जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यांनी दिसणारं नुकसान आणि प्रत्यक्षात घटलेलं उत्पन्न यांत मोठी तफावत असते, हे त्यांनी मोजून दाखवलं. शेतकऱ्याला ते सांगायला अभ्यास लागत नाही, पण कागदाला लागतो. कोवळ्या पिकाचा शेंडा खुडला की ते मरत नाही, पुन्हा फुटतं, हिरवं दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, काही झालं नाही. कणसात दाणा किती भरला ते कापून, झोडपून, पाखडून मापात घातल्यावर कळतं.

त्याच्याही पलीकडचं नुकसान म्हणजे जे पीक भीतीने लावलंच नाही ते. त्याचा पंचनामा होत नाही. मोकळ्या जमिनीवर कसलं नुकसान? ई-पीक पाहणीत ती पड म्हणून नोंदली जाते, आणि पड म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं की कोकणी माणूस आळशी, मनीऑर्डरवर जगणारा. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने जाहीर केलं की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान पीकविम्यात घेता येईल, ७२ तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं. चांगलं पाऊल आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण विमा पेरलेल्या पिकाचाच असतो. माझ्या आईने जे बियाणं आढ्यावरून काढलंच नाही, त्याचा फोटो कसला काढू?

शहरातल्या मित्रांशी या विषयावर बोलणं अवघड जातं. ९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडमध्ये गवा शिरला होता, आठवतोय? माणसांच्या गर्दीत पळून पळून शेवटी मेला. त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र हळहळला आणि मीही हळहळलो. गव्याइतकं देखणं जनावर मी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात धुक्यातून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभा दिसतो तेव्हा श्वास थांबतो. मी त्याच्या बाजूचाच आहे. पण त्या दिवशी ज्यांनी पोस्टी लिहिल्या, त्यांच्या दारात तो एकदाच आला होता. राधानगरी-दाजीपूरच्या खालच्या गावांत त्याचे कळप उसात आणि भातात रोजच्या रोज येतात. तिथल्या शेतकऱ्याने रोज रात्री हळहळायचं की पीक राखायचं?

मारून टाका, हे दुसरं टोक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पिकासाठी हात लावता येत नाही, आणि माझ्या मते लावूही नये. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत परवानगीने ते मारता येतं, २०१५ मध्ये आपल्या राज्यात ती पद्धत सोपीही केली गेली. पण मारणार कोण? अण्णांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि निवडणुका काही थोड्या नाहीत. शिवाय ७१ व्या वर्षी अंधारात, पावसात, पळत्या डुकरावर नेम धरायचा. २०१६ च्या जूनमध्ये बिहारात मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेवर नीलगाई मारल्या, देशभर गदारोळ झाला, दोन केंद्रीय मंत्री एकमेकांविरुद्ध जाहीर बोलले. शेतकऱ्याच्या उतारावर पुन्हा पीक उभं राहतं का, हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि तारेत थेट वीज सोडणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, हे करू नका. त्या तारेला डुक्कर चिकटायच्या आधी शेजाऱ्याचं पोर चिकटतं, स्वतःचा भाऊ चिकटतो, बिबट्या चिकटतो. सौर कुंपण वेगळं. त्यात झटका क्षणभराचा असतो, जीव जात नाही. त्याला अनुदानही आहे. आमच्याकडे एकाने लावलं. पण जुलै-ऑगस्टमध्ये ऊन दिसत नाही आणि गवत आठवड्यात कमरेएवढं होतं, ते तारेला टेकलं की सगळा झटका जमिनीत उतरतो. रोज कुणीतरी तारेखालचं गवत काढायला हवं. आणि वानरांना कुंपण नसतंच, ती झाडावरून येतात. चिऱ्याचा गडगा डुकराला बऱ्यापैकी अडवतो, पण आजच्या मजुरीत उतारावरच्या जमिनीभोवती गडगा घालायचा म्हणजे जमिनीच्या किमतीपेक्षा गडगा महाग.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं आहे. बहुतेक रान खाजगी मालकीचं, म्हणजे ज्या रानात ही जनावरं दिवसा झोपतात ते आमचं, ज्या शेतात रात्री चरतात तेही आमचं. पण जनावर मेलं की ते सरकारची मालमत्ता. मग जिवंतपणी त्याला पोसण्याचा खर्च कुणाचा? आणि हे रान वाढलं कसं तेही बघा. माणसं मुंबईला गेली, वरकस पडीक झाली, तिच्यावर रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्या माजल्या. पूर्वी डुक्कर डोंगरातून उतरून यायचं, आता परसाच्या मागच्या जाळीत वीण घालतं. त्यामुळे शेजारचा शेतकरी थकतो, तोही सोडतो, रान आणखी एक शेत पुढे सरकतं. पडीक जमीन डुकरं वाढवते आणि डुकरं पडीक जमीन वाढवतात. आमच्या वाडीत ३१ घरं आहेत. वरकस कसणारी गेल्या वर्षी चार होती. यंदा आमचं वजा केलं की तीन.

म्हणून माझी मागणी अशी की खाल्लेल्या पिकापेक्षा कसलेल्या जमिनीला पैसे द्या. रानालगतच्या उतारावर जो नाचणी, वरी, तीळ लावेल, त्याला गुंठ्यामागे ठरलेली रक्कम लावणीच्या वेळी द्या, पंचनाम्याची वाट न बघता. मळणीनंतर रानापासून लांबच्या शेताचं आणि रानालगतच्या शेताचं उत्पन्न मोजा आणि फरक भरून द्या. राखणीच्या रात्रींची मजुरी धरा. सामायिक सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव ग्रामसभेने सांगितलं की ते पुरे समजा. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, नाचणीची बिस्किटं वाटली गेली. ती नाचणी ज्या उतारावर होते त्याची राखण करणाऱ्याला त्या वर्षी काय मिळालं ते मला कुणी दाखवावं.

आईचं बियाणं घरचं आहे, आजीच्या वेळेपासूनचं. लाल, जरा उशिरा येणारं, भाकरीला चिकट. दुकानात मिळत नाही. म्हणून मी जूनच्या शेवटी तिला न विचारता एक जुडी सोडली, रोपं केली आणि घराच्या अगदी मागे, पडवीतून दिसेल अशा दोन गुंठ्यांत लावली. आई काही बोलली नाही. पण लावणीला दुसऱ्या दिवशी आपणहून आली.

आता कणसं वळली आहेत. रात्री साडेबाराला मी उठतो, साडेतीनला ती उठते. आज पहाटे बांधावर खुरांचे ताजे ठसे होते. आतमध्ये नव्हते.