मांजराचा केस आणि पोटातलं बाळ: त्या फॉरवर्डला उत्तर

‘घरात गर्भवती आहे? मग मांजर आजच बाहेर काढा!’ हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर पोचला आणि तासाभरात वहिनीच्या आईंचा फोन आला, ‘ती पिल्लं पहिली बाहेर काढ बाई.’ वहिनीला पाचवा महिना चालू आहे. पिल्लं म्हणजे कोथरूडच्या एका पार्किंगमधून उचललेली, घर मिळेपर्यंत माझ्या खोलीत सांभाळायला ठेवलेली. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

फॉरवर्ड म्हणतो, मांजराचा केस पोटात गेला की गर्भ पडतो, नाहीतर बाळ आंधळं होतं. केसाचा यात काहीएक संबंध नाही. ज्याची भीती घालताय तो टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी, आणि तो येतो मांजराच्या शीतून. तोही सहसा मांजराला पहिल्यांदा संसर्ग झाल्यावरचे एक ते तीन आठवडेच. शीतून पडल्यावर दुसऱ्याला बाधायला त्याला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणजे लिटरचा ट्रे, ज्यात मांजर शी-शू करतं, रोजच्या रोज, आणि गर्भवतीने सोडून दुसऱ्या कुणी साफ केला, की धोका बराच आटोक्यात येतो. हाच परजीवी अर्धकच्च्या मटणातून, बागेतल्या मातीतून, न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातो. पण मंडईतली कोथिंबीर तशीच चिरून भेळेवर भुरभुरणाऱ्यांना ग्रुपवर कुणी ‘सावधान’ म्हणत नाही!

अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, स्पष्ट सांगते की गर्भवतीला घरचं मांजर सोडून द्यायची गरज नाही. मात्र तीच संस्था असंही सांगते की या काळात नवं मांजर आणू नका आणि रस्त्यावरच्या मांजरांना, विशेषतः पिल्लांना, हात लावू नका. एवढं मान्य करावंच लागतं, कारण माझी पिल्लं रस्त्यावरचीच आहेत. म्हणून खोलीचं दार बंद, ट्रे माझ्याकडे, आणि वहिनीने कितीही लाडीगोडी लावली तरी तिला आत प्रवेश नाही. ही पिल्लं गेली की बाळंतपण होईपर्यंत नवी आणणार नाही.

‘ओरखडलं की पोटात 14 इंजेक्शनं.’ हीही एक नेहमीची भीती. अहो, ती रेबीजची जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली. आता दंडात, महिनाभरात चार-पाच वेळा. या 14 च्या धास्तीने माणसं जखमेवर हळद-चुना लावून घरी बसतात, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर हातात काही उरत नाही. चावलं, ओरखडलं तर जखम 15 मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी ससून किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

सोसायटीने ठराव करून पाळीव प्राणी बंद करता येतात म्हणे. नाही येत. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना वाचा, बहुमतानेही नाही. जिन्यातली घाण मात्र आपणच उचलायची, त्यावर वाद नाही.

आणि ‘फॉस्टर (घर मिळेपर्यंत पिल्लं सांभाळणं) म्हणजे लळा लावून टाकून देणं’? दोन आठवड्यांच्या पिल्लाला दर तीन तासांनी बाटलीने पाजायचं, तेही गाईचं दूध नाही, मग ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. रात्रीसुद्धा. गर्दीच्या आश्रयगृहात हे कोण करणार? टाकून तर आम्ही कुणालाच देत नाही. खिडक्यांना जाळी आहे का, वेळेवर नसबंदी करणार का, हे आधी विचारतो. ज्यांना ही चौकशी जाचक वाटते त्यांना पिल्लू मिळत नाही.