बिनबियांच्या द्राक्षांवरचा तो मेसेज का चुकीचा आहे

सोलापुरात द्राक्षाचा हंगाम भरात आला की हा मेसेज फिरू लागतो : ‘बिनबियांची द्राक्षं हार्मोनचं इंजेक्शन देऊन बनवतात. हार्मोन जितकं जास्त, तितका मणी मोठा. ते पोटात गेल्यानं मुलं लवकर वयात येतात. घड कच्चे तोडून औषधानं पिकवतात.’ यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी बियांचं बघू. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातूनच निवडलेली, आपल्या नान्नजची सोनाका, या जाती मुळातच बिनबियांच्या. फलन होतं, पण बीचा गर्भ कोवळा असतानाच वाढायचा थांबतो. मण्याला फुगवणारं जिबरेलिन हे वनस्पतीतलं हार्मोन एरवी बीच पुरवते. ती नसली की मणी बारीक राहतो. म्हणून जिबरेलिक आम्ल, बागायतदारांच्या भाषेत जीए, बाहेरून देतात. त्यासाठी सुई लागत नाही. घड द्रावणात बुडवतात किंवा फवारणी करतात.

‘जास्त दिलं की मणी मोठा’ हे तर बागायतदारालाच बुडवणारं विधान आहे. घड पोपटी रंगाचा असताना 10 पीपीएम, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 ग्रॅम शुद्ध जीए, पाकळ्या, म्हणजे घडाच्या उपशाखा, लांबवायला पुरतं. मणी 3 ते 4 मिलिमीटरचा झाला की सुमारे 40 पीपीएममध्ये बुडवणी. मात्रा वाढली की देठ जाड आणि कडक होतो, तोडणीनंतर मणी गळतात, पेटीत घडाऐवजी सुटे मणी उरतात. शिवाय बोअरचं पाणी बरेचदा अल्कधर्मी असतं आणि अल्कधर्मी द्रावणात जीए टिकत नाही. सायट्रिक आम्लानं सामू (पीएच) 5.5 ते 6.5 वर आणायचा सोडून मात्राच वाढवली, तर पैसा वाया जातो.

वेलीला जीए नकोसं असतं असाही काळ आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड घडत असतो. भरपूर ऊन आणि सायटोकायनिन हे वेलीतलंच दुसरं हार्मोन असलं तर तिथे घड तयार होतो. ढगाळ हवेत, किंवा जिबरेलिन वरचढ ठरलं तर, त्याच जागी बाळी, म्हणजे वेलीचा आधाराला गुंडाळणारा तणावा, निघते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर किती घड फुटणार, हे बरंचसं इथेच ठरतं.

मुलांच्या वयात येण्याशी जीएचा संबंध जोडणं निराधार आहे. वनस्पतीच्या पेशीत जिबरेलिन जीआयडी1 नावाच्या प्रथिनाला चिकटतं, मग वाढ रोखणारी डेला प्रथिनं नष्ट होतात आणि पेशी लांबते. माणसात जीआयडी1 नाही, डेला नाहीत. इस्ट्रोजेनशी जिबरेलिनचं साम्य फक्त ‘हार्मोन’ या नावापुरतं.

आणि पिकवण्याचं म्हणाल, तर द्राक्ष केळ्यासारखं नाही. तोडल्यावर त्याची साखर वाढत नाही. आंबट तोडलं तर आंबटच राहतं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी 18 ब्रिक्सच्या आसपास आल्याशिवाय जाणता बागायतदार कात्री लावत नाही.

काळजी करायचीच तर ती कीडनाशकांच्या आणि कृत्रिम वाढरोधकांच्या उर्वरित अंशांची करा. 2010 साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे सीसीसीच्या, अंशामुळे. सीसीसी हे वेलीत तयार होणारं संजीवक नव्हे, उलट जिबरेलिन बनणं रोखणारं रसायन आहे. बागेतून थेट द्राक्षं घेत असाल तर शेवटची फवारणी कशाची, तोडणीच्या किती दिवस आधी झाली आणि त्या औषधाच्या लेबलावर किती दिवस थांबायला सांगितलंय, एवढं विचारा. आणि खाण्याआधी घड वाहत्या पाण्यात नीट धुवा.