खुलासा : ॲसगार्डचा तट बुटक्यांनी बांधलेला नाही

नॉर्स म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या पुराणकथांतील देवांच्या ॲसगार्ड नगरीची तटबंदी बुटक्यांच्या, म्हणजे त्याच कथांतील ठेंगण्या कारागीर जमातीच्या, एका घराण्याने वचनाला जागून बांधली, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आइसलँडच्या स्नोरी स्टर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहिलेल्या 'एडा' या पुराणकथांच्या ग्रंथानुसार हे काम एका राक्षसाने अंगावर घेतले होते. त्याने मजुरी म्हणून फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र मागितले. मुदत एकाच हिवाळ्याची. दगड ओढायला त्याचा स्वादिल्फारी घोडा होता. लोकी या कपटी देवाने घोडीचे रूप घेऊन त्या घोड्याला पळवले, काम अडले आणि शेवटी मेघगर्जनेचा देव थोर याने राक्षसाला मारले.

बुटके खडकांत राहत, पण त्यांची खरी ख्याती धातुकामाची. थोरचा हातोडा ब्रॉक या बुटक्याने आणि त्याच्या भावाने घडवला. भाता ओढणाऱ्या ब्रॉकला माशी झालेला लोकी चावत राहिला. पापणीतून रक्त डोळ्यात उतरल्यावर ब्रॉकने क्षणभरच भात्यावरून हात उचलला, म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. कर्तव्यनिष्ठाच सांगायची तर नोर्द्री, सुद्री, ऑस्ट्री आणि वेस्त्री या चार बुटक्यांची सांगा, आभाळाचे चार कोपरे तेच पेलतात. बुटक्यांच्या वाट्याला एवढे अस्सल श्रेय असताना राक्षसाचे काम त्यांच्या नावावर घालू नये.