'नवीन पत्ता' हा रकाना रिकामा सोडता येत नाही

आज दुपारी ऑफिसच्या टपालात एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याच्या जागी आमच्या ऑफिसचा पत्ता, घेणाऱ्याच्या जागीही आमच्याच ऑफिसचा पत्ता, आणि त्यावर एका बाईंचं नाव. टपाल वाटणारा मुलगा म्हणाला, "तुम्ही आता स्वतःलाच पत्रं लिहायला लागलात का?" मी हसले. पाकीट घेतलं, डबा घेतला, जेवायला बसले आणि सवयीने फोन उघडला. तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर एक मेसेज.

नाव घेत नाही. तो हे वाचणारच आहे. "आम्ही इथे मरमर काम करून टॅक्स भरायचा आणि त्यातून या फुकट्यांची घरभाडी द्यायची. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे यांना कुणी शिकवलंच नाही." खाली चौदा अंगठे. त्यातले निम्मे अंगठे माझ्या घरी जेवून गेलेल्यांचे.

ग्रुपवर उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, खोडलं. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे. कंटाळा आला तर सोडून द्या.

नवीन मंडळींसाठी: मी अमेरिकेतल्या एका शहराच्या भाडे-मदत कार्यक्रमात केसवर्कर आहे. आई शेजारणींना सांगते "सरकारी नोकरीत आहे", सासूबाई सांगतात "समाजसेवा करते". प्रत्यक्षात मी कागद तपासते. लीज म्हणजे भाडेकरार, ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा, घरमालकाचं लेजर म्हणजे कुठल्या महिन्याचं किती थकलंय याचा उतारा, आणि घरमालकाने भरून दिलेला डब्ल्यू-९, म्हणजे त्याचा टॅक्स नंबर असलेला फॉर्म. यातला एक जरी कमी असला तरी फाईल 'अपूर्ण'. 'अपूर्ण' झाली की दहा दिवसांच्या मुदतीचं पत्र जातं. हे सगळं जमलं तर चेक निघतो, आणि तो निघतो घरमालकाच्या नावाने. भाडेकरूच्या हाताला त्यातला एक डॉलर लागत नाही. तेव्हा फुकट कुणाला काय मिळालं याचा हिशेब आधी करा, मग अंगठे द्या.

आता त्या बाई.

वय एकसष्ट. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, औषधं देणं, कूस बदलणं हे काम. दोन एजन्सींकडून तासांवर पैसे. सोबत आठ वर्षांचा नातू, त्याची आई कुठे आहे ते मी विचारलं नाही. जानेवारीत बर्फावर पाय घसरला, मनगट मोडलं. मनगट मोडलेली बाई दुसऱ्याला उचलणार कशी? काम बंद, तास बंद, पगार बंद. मार्चपर्यंत तीन महिन्यांचं भाडं थकलं. एवढीच गोष्ट आहे. व्यसन नाही, जुगार नाही, पंचावन्न इंची टीव्ही नाही. (असता तरी काय? पण तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगितलं.)

पहिल्यांदा आल्या तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळे कागद तारखेप्रमाणे लावून आणले होते. माझी आजी लाइटची बिलं अशीच ठेवायची. मी तो डबा पाहिला आणि मनात म्हटलं, ही फाईल दोन आठवड्यांत सुटते. सगळं होतं त्यात. फक्त डब्ल्यू-९ नव्हता, कारण तो घरमालकाने द्यायचा असतो. आणि त्याला तो द्यायचाच नव्हता. आमचे पैसे घ्यायचे तर त्याने कोर्टात टाकलेली घर खाली करण्याची केस मागे घ्यावी लागते. केस मागे घेतली की बाई तिथेच राहणार, आणि त्याला तर नव्या भाडेकरूकडून महिना चारशे डॉलर जास्त मिळणार होते.

त्या तीनदा त्याच्याकडे गेल्या. मी चारदा फोन केला. चौथ्यांदा तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, बघतो मी." हा "बघतो मी" आपल्याला काय नवा आहे? आपण सगळे याच "बघतो"वर वाढलो.

बरं, घरमालकांनाही कर्जाचे हप्ते असतात. मान्य. दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढणारे मालकही माझ्या फायलींत आहेत आणि त्यांचा चेक उशिरा गेला की मला वाईट वाटतं. हा त्यातला नव्हता. पुढे चला.

राहून राहून मला ते अंथरूण आठवतंय. अरे, अंथरूण पाहूनच पाय पसरले होते त्यांनी. अंथरूणच ओढून घेतलं तर पाय कुठे ठेवायचे?

आणि हे कोण म्हणतंय तर आपण! ज्याने मेसेज टाकला त्याचे आजोबा दादरला आणि माझे गिरगावात, दोघेही चाळीत भाड्याने. माझ्या आजोबांच्या खोलीचं भाडं मी चौथीत असताना महिना २८ रुपये होतं, पावती मीच आणायला जायचे. का होतं २८ रुपये? आजोबा फार कष्टाळू होते म्हणून? १९४७ साली मुंबईत भाडे नियंत्रणाचा कायदा आला आणि १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण धरून गोठवलं, म्हणून. पुढची पन्नासएक वर्षं सरकारने घरमालकाचा हात धरून ठेवला. त्या धरलेल्या हातामुळे माझे वडील इंजिनियर झाले, त्याचे वडील बँकेत लागले आणि आम्ही दोघं विमानात बसलो. त्याला कुणी फुकट म्हणालं नाही. त्याला आपण 'आमची चाळ' म्हणतो आणि डोळे पुसतो.

हो, त्या गोठलेल्या भाड्यामुळेच मालकांनी डागडुजी सोडली आणि जिन्यांना टेकू लागले, हेही खरं. पण त्या टेकूंखालून आपण शाळेत गेलो.

आता तुमच्या टॅक्सबद्दल बोलू. तुमच्यापैकी ज्यांनी इथे घर घेतलंय त्यांना कर्जाच्या व्याजावर सूट मिळते. साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या कर्जावर. दुसरं घर, तळ्याकाठचं, तेही चालतं. (२०१७ च्या कायद्याने स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी सरसकट वजावट, वाढल्यापासून बऱ्याच जणांना ती सूट घ्यावीच लागत नाही, ठाऊक आहे मला. पण मिळत होती तेव्हा कुणी नाकारली?) ती घेताना तुम्हाला कुणी काउंटरपलीकडून विचारलं, "या महिन्यात किती कमावलंत, आणि का नाही कमावलंत?" मी विचारते लोकांना. रोज. पगार शून्य असेल तर 'माझं उत्पन्न शून्य आहे' असं लिहून खाली सही घेते. साठीच्या माणसाकडून. तुमच्याकडून कुणी घेतली नाही अशी सही.

आणि ज्या मदतीवर एवढा राग, ती मिळते तरी किती जणांना? सेक्शन ८ हा केंद्राचा भाडे-मदतीचा कार्यक्रम १९७४ चा. उत्पन्नाच्या साधारण तीस टक्के भाडेकरूने द्यायचे, वरचे सरकारने. ऐकायला छान. पण केंद्राच्या भाडे-मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांमागे जेमतेम एकाला ती मिळते. उरलेली तीन वर्षानुवर्षं यादीत, आणि पुष्कळ शहरांत तर यादीच बंद. ते तिघं मग शहराच्या छोट्याशा निधीकडे येतात, म्हणजे माझ्या टेबलाकडे. माझ्याकडे आज ११२ फायली आहेत.

फसवणूक होते का? होते. खोटी लीज मी स्वतः पकडलीय, घरमालकाची सही आणि भाडेकरूची सही एकाच वळणाची. झालं? एका खोट्या लीजसाठी शंभर खऱ्या माणसांना दहा-दहा कागद आणायला लावतो आम्ही, आणि त्या दहातला एक नेहमी अशा माणसाच्या हातात असतो ज्याला तो द्यायचा नसतो.

असं करायलाच हवं असंही नाही, हे आम्ही पाहिलंय, म्हणून जास्त चिडचिड होते. कोविडमध्ये केंद्राने भाड्यासाठी पैसा सोडला, डिसेंबर २०२० ला २५ अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ ला २१ अब्ज डॉलरहून जास्त. पहिले काही महिने आम्हीसुद्धा जुन्याच सवयीने कागद मागत बसलो आणि चेक अडकले. मग नियम सैल होत गेले. पुरावा नसेल तर अर्जदाराने स्वतः सही करून लिहिलेलं चालेल. घरमालक दाद देत नसेल तर पैसे थेट भाडेकरूला द्या. थेट! मी त्या काळात एका दिवसात नऊ फायली मंजूर केल्यात. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं होतं, आज मी खरंच नोकरी केली. तो निधी संपला, शहराचा स्वतःचा तुटपुंजा निधी उरला आणि त्याबरोबर जुने नियम परत आले, डब्ल्यू-९ सकट. त्या बाई काही वर्षं आधी घसरून पडल्या असत्या तर आज त्यांच्या घरात असत्या. किती घाणेरडं वाक्य लिहिलं मी हे. पण तसंच आहे.

थोडा वेळ उठून चहा करून आले. राग जरा उतरलाय.

कोर्टात त्यांच्याकडे वकील नव्हता, समोर होता. फौजदारीत गरिबाला सरकार वकील देतं, घर जाण्याच्या खटल्यात बहुतेक ठिकाणी नाही. न्यू यॉर्क शहराने २०१७ मध्ये भाडेकरूंना वकिलाचा हक्क दिला, तसा देणारं ते देशातलं पहिलं शहर. आमच्याकडे नाही. सुनावणी किती वेळ चालली विचारलं तर म्हणाल्या, "मिस, मी कोट काढून बसले, तोवर माझं नाव पुकारून झालं होतं." मग एका सकाळी शेरीफची, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारी, माणसं आली. सामान फुटपाथवर. खटल्याची ही नोंद आता सात वर्षं त्यांच्या नावावर दिसत राहणार, आणि प्रत्येक नवा घरमालक आधी ती बघणार.

दोन आठवड्यांपूर्वी त्या शेवटच्या आल्या. हातात तोच डबा. फाईल अजून 'अपूर्ण'मध्ये का होईना, चालू होती. त्यांना एकच काम होतं: "माझी पत्रं आता जुन्या घरी जातील. तेवढा पत्ता बदलून दे." मी स्क्रीन उघडली. जुना पत्ता, नवीन पत्ता. नवीन पत्ता विचारला. एक आठवडा चुलत बहिणीकडे, मग बघू म्हणाल्या. बहिणीच्या लीजवर त्यांचं नाव नाही, तो पत्ता दिला तर बहिणीचीच पंचाईत. रकाना रिकामा ठेवला तर सिस्टीम पुढे जात नाही, लाल अक्षरं येतात. 'काही नाही' असं टाइप करून पाहिलं. लाल अक्षरं. नातू बाजूच्या खुर्चीवर बसून माझ्या स्टेपलरशी खेळत होता.

मग मी आमच्या ऑफिसचा पत्ता टाकला. नियमात बसत नाही. म्हटलं, निदान पत्र हरवणार तरी नाही, माझ्याच हातात येईल. सात वर्षं मी एच-४ वर होते, नवऱ्याच्या व्हिसावर, नवऱ्याच्या लीजवर, नवऱ्याच्या खात्यावर. आपल्या नावाचा एक साधा कागद नसणं काय असतं ते थोडंसं मला माहीत आहे. थोडंसंच. त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन घरी गेले मी, खरं सांगते.

आज ते पाकीट मेसेज वाचल्यावर फोडलं. मला वाटलं होतं आत दहा दिवसांचं आणखी एक पत्र असेल. तसं नव्हतं. अर्ज नामंजूर, फाईल बंद. कारण एका ओळीत: अर्जदाराने सदर घर सोडले आहे.

'सोडले आहे.' जसं काही माहेरी गेल्या.

थकलेलं भाडं ज्या घराचं, त्या घरात अर्जदार राहत असेल तरच आमची मदत मिळते. हा नियम मी इतरांना शंभरदा समजावून सांगितलाय. पत्ता बदलला की सिस्टीम ती फाईल आपोआप उचलते, हेही मला माहीत होतं. माहीत असायला हवं होतं. जुनाच पत्ता राहू दिला असता तर फाईल अजून काही दिवस तरी जिवंत राहिली असती आणि मी पाचवा फोन केला असता. पत्राखाली केसवर्कर म्हणून माझं नाव छापलंय, सहीसकट. सही सिस्टीमच टाकते.

फुकट्यांबद्दल आता आणखी काही लिहावंसं वाटत नाही. तो मेसेज टाकणारा वाईट नाही, माझ्या बाळंतपणात रात्री दोन वाजता गाडी घेऊन तोच आला होता. पण तो मेसेज काढ रे, प्लीज.

पत्रात लिहिलंय, तीस दिवसांत अपील करता येईल. अपिलावर अर्जदाराची सही लागते. त्यांचा फोन लागत नाही, रिचार्ज संपला असावा. बहिणीकडचा आठवडा कधीच संपला. फाईलमध्ये त्यांचा आता एकच पत्ता आहे, आणि तिथे रोज सकाळी साडेआठला मी जाऊन बसते.