झेब्रा माशावरचं संशोधन वाया जातं का?

एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. झेब्रा मासा, म्हणजे प्रयोगशाळेत वापरला जाणारा छोटा पट्टेरी मासा, त्याला फुप्फुसं नाहीत, तो पिलांना दूध पाजत नाही, मग त्याच्यावरचे प्रयोग माणसाच्या काय कामाचे? जनुकं जुळतात हा नुसता आकड्यांचा खेळ. आणि माणसाच्या पेशी बशीत वाढवता येत असताना मासे हवेतच कशाला?

फुप्फुसांचं खरं आहे. दम्याच्या अभ्यासाला हा मासा अपुराच पडणार. पण हृदय, रक्त, यकृत, मूत्रपिंड, मेंदू हे सगळं त्याच्याकडे आहे. शिवाय त्याचं भ्रूण आईच्या शरीराबाहेर वाढतं आणि पारदर्शक असतं. अंडं फलित झाल्यावर साधारण एका दिवसात हृदय धडधडू लागतं, आणि कुठेही चीर न देता ते सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं. उंदराच्या गर्भात हे इतकं सहज दिसत नाही.

आता जनुकं. 2013 साली या माशाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांशी जुळणारं किमान एक जनुक माशात सापडलं. नुसत्या टक्केवारीने काही सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य आहे. जुळणारं जनुक काम तेच करतं का, हा खरा प्रश्न. 'गोल्डन' नावाच्या फिकट पट्ट्यांच्या माशात एक जनुक बिघडलेलं असतं. त्याच जनुकाचा माणसातला आरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप पेशीत पोचवणारा रेणू, संशोधकांनी या माशाच्या भ्रूणात टोचला, आणि भ्रूणात गडद रंग परत आला. 2005 सालचं हे काम. याच जनुकातला एक छोटा बदल युरोपीय लोकांच्या उजळ त्वचेमागे आहे, हेही तेव्हाच कळलं.

राहिला बशीतल्या पेशींचा मुद्दा, आणि तिथे मला थॅलिडोमाइड आठवतं. 1957 साली बाजारात आलेलं हे औषध गर्भवतींनी घेतल्यामुळे हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. 1961 साली ते मागे घेतलं गेलं, पण ते शरीरात नेमकं कशाला चिकटतं हे पुढे जवळजवळ पन्नास वर्षं कळलं नव्हतं. उंदरांचा इथे उपयोग नव्हता, कारण त्यांच्या पिलांचे पाय या औषधाने बिघडत नाहीत. 2010 साली जपानी संशोधकांनी माणसाच्या पेशींतूनच सेरेब्लॉन हे प्रथिन शोधलं. म्हणजे पेशींनी नाव सांगितलं. पण व्यंगाला तेच जबाबदार आहे हे ठरवायचं कसं? बशीतल्या पेशींना हात फुटत नाहीत. झेब्रा माशाच्या भ्रूणांना औषध दिलं तेव्हा त्यांचे पर खुरटले. मग औषध ज्याला चिकटू शकत नाही असं बदललेलं सेरेब्लॉन भ्रूणांत घातलं, आणि त्याच औषधात पर पुष्कळसे नीट वाढले.

थॅलिडोमाइड आणि त्याच्या जातीची औषधं आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर दिली जातात. गर्भवतींना ती अजूनही वर्ज्य आहेत.